खाऊन-खाऊन वाळलेली मांजर: परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या कुटुंबाचं मोंढ्यात आडत दुकान आहे. त्यांची मांजर माझ्याकडे, म्हणजे पशुवैद्याकडे, आली त्याच्या दीड वर्ष आधीपर्यंत राहणंही दुकानाच्या माडीवरच होतं. मांजरीला इथे मनी म्हणू. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मनीचं वय विचारलं तर आकडा कुणालाच सांगता आला नाही. आजी म्हणाल्या, "थोरला दहावीला होता तवा तुरीच्या पोत्याआड घावली." थोरला आता अठ्ठावीसचा, म्हणजे मनी बारा-तेरा वर्षांची. आपल्याकडे मांजरांचं वय असंच काढावं लागतं. पण ते काढावंच, कारण दोन वर्षांच्या मांजरीचं वजन घटलं तर डॉक्टरच्या मनात येणारी कारणं वेगळी असतात आणि बारा वर्षांच्या मांजरीची वेगळी.

आजी माळकरी, घर शाकाहारी. मनीला दोन वेळ दूध-भाकर मिळायची, उरलेलं पोट ती गोदामात भरायची. सोयाबीन-हरभऱ्याची थप्पी असली की उंदरांना तोटा नसतो. मग कुटुंब गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये नव्या बंगल्यात राहायला गेलं आणि मनीही गेली. तिथे ना पोती, ना उंदीर.

घर बदलल्यावर काही महिन्यांनी तिला रेबीजची लस दिली होती. त्या कार्डाच्या कोपऱ्यात लस देणाऱ्याने पेनाने '४.१ किलो' असं लिहून ठेवलं होतं. या सगळ्या प्रकरणात त्या एका नोंदीइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच कागदाचा झाला नाही.

अडचण

सव्वा वर्षाने मनी माझ्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी आली तेव्हा वजन भरलं ३.० किलो. पाव हिश्श्याहून जास्त वजन गेलेलं. साठ किलोच्या माणसाचं सोळा किलो उतरावं, तसा हा हिशेब. आजींनी तक्रार एका वाक्यात मांडली: "दिवसभर खायलीय अन् वाळायलीय. खाल्लेलं जातंय कुठं?"

येण्याआधी घरच्यांनी हात-पाय हलवले नव्हते असं नाही. पहिला संशय जंतांचा होता. उंदीर खाणाऱ्या मांजरीला उंदरांतून पट्टकृमी होतात, त्यामुळे संशय वावगा नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यातून प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी दोनदा देऊन झाली. फरक पडला नाही.

दुसरा संशय खाण्याचा, आणि तो मला आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. थोरल्याने विचार केला की उंदीर बंद झाले, नुसत्या दूध-भाकरीवर मांजर कशी जगेल? बरोबरच आहे. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं; कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूधही मोठ्या मांजरींना अनेकदा पचत नाही आणि जुलाब होतात. म्हणून त्याने मांजरांचं तयार खाद्य आणून सुरू केलं. मनीने ते आनंदाने खाल्लं, पिशव्याच्या पिशव्या संपवल्या, आणि तरी वाळतच गेली.

इथे प्रकरणाला वळण मिळायला हवं होतं. चांगलं खाद्य, भरपूर प्रमाणात, पोटात जातंय आणि तरी वजन उतरतंय, म्हणजे उपासमारीचा मुद्दा निकालात निघाला. पण घरात या गोष्टीचा अर्थ उलटा लागला: "खातीय ना, मग बरी आहे." वाटी रिकामी होतेय म्हणून आणखी चार महिने गेले.

त्यानंतर एका खासगी ठिकाणी रक्त तपासलं. त्यात यकृताचं एसजीपीटी १९० आलं, मांजरीत असावं त्याच्या दुपटीच्या आसपास. लिव्हर टॉनिक लिहून मिळालं. ते महिनाभर दिलं. मनी रात्री घरभर ओरडत फिरू लागली, आठवड्यातून दोन-तीनदा ओकू लागली, तेव्हा पेशंट माझ्याकडे आला.

तपासताना

वजन घटलेल्या मांजरीच्या मालकाला मी आधी एकच विचारतो: खाणं वाढलंय की कमी झालंय? खाणं सुटून वजन गेलं असेल तर मूत्रपिंड, तोंडातलं दुखणं, स्वादुपिंडाची सूज, ताप आणणारे संसर्ग, कर्करोग अशा वाटेने जावं लागतं, आणि तिथे घाईही असते. मांजरीने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, त्यातून ती लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. खाणं वाढूनही वजन जात असेल तर वाट दुसरी: थायरॉईड, मधुमेह, जंत, आणि आतड्यांचे असे आजार ज्यांत खाल्लेलं शोषलं जात नाही. या वाटेवर घाई कमी असते, आणि नेमकं त्यामुळेच उशीर होतो.

मनी टेबलावर ठरेना. म्हाताऱ्या मांजरी सहसा कोपरा धरून बसतात. ही सारखी कडेला जाऊन खाली पाहत होती. नखं वाढून जाड झालेली, पत्र्यावर टकटक वाजत होती. पाठीवरचे केस गुंतलेले, म्हणजे अंग चाटणं सुटलेलं. कणा बोटांना एकेक मणका मोजता येईल इतका वर आलेला. हृदयाचे ठोके मिनिटाला २४० च्या वर. दवाखान्याच्या भीतीने मांजरीचे ठोके वाढतात हे खरं, पण दहा मिनिटं टॉवेलखाली शांत ठेवल्यावरही ते उतरले नाहीत.

दातांवर किटण होतं आणि एक दाढ लाल होती. "दात दुखतोय म्हणून वाळली असेल का?" असं थोरल्याने विचारलं. दात दुखणारी मांजर कडक दाणे चावताना डोकं वाकडं करते, घास पाडते. ही कराकरा चावत होती. दाढेवर उपचार लागणार होता, पण वजनाचं कोडं तिच्याने सुटत नव्हतं.

मग गळा. मांजरीची मान किंचित वर आणि एका बाजूला वळवायची, अंगठा आणि पहिलं बोट श्वासनळीच्या दोन्ही बाजूंनी जबड्याखालून छातीकडे हळूच सरकवत न्यायचं. तिथे थायरॉईडची ग्रंथी असते, पण निरोगी मांजरीत ती हाताला लागत नाही. मनीच्या डाव्या बाजूला भिजवलेल्या हरभऱ्याएवढी गाठ बोटाखालून टुपकन निसटली. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तिला ना यंत्र लागतं ना पैसे. वयस्क मांजरीत ती दर वेळी व्हावी असं माझं ठाम मत आहे.

समोरचे पर्याय

घरात तोवर चार मतं तयार होती. जावयांचं मत, लिव्हर टॉनिक आणखी महिनाभर देऊन पाहू. आजोबांचं मत, म्हातारी झाली, आता कशाला सुया टोचता. थोरल्याचं मत, गाठीवरून निदान झालंच आहे तर तपासण्यांचा खर्च टाळून थायरॉईडची गोळी सुरू करा. चौथं मत शेजारपाजारचं होतं आणि तेच सगळ्यात जोरात होतं. धाकटी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आलेली, आणि "पोटुशी बाई घरात अन् मांजर कशी ठेवता, शेतात सोडून द्या" असं तिला रोज ऐकायला मिळत होतं.

शेवटचं आधी निपटलं. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची भीती निराधार नाही. मांजरीच्या विष्ठेतून तो पसरू शकतो. पण विष्ठा पडल्यानंतर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजरीच्या शीची माती रोज दुसऱ्या कुणी साफ केली, गरोदर बाईने हात लावला नाही, भाज्या नीट धुतल्या, तर घरातल्या मांजरीपासूनचा धोका फार कमी राहतो. अर्धं कच्चं मटण आणि बागेतली माती हे मार्गही तितकेच लक्षात घ्यावे लागतात. शीची माती साफ करायचं काम थोरल्याकडे गेलं. शेतात सोडलेली तीन किलोची आजारी मांजर आठवडाभर टिकली नसती, हेही मी स्पष्ट बोललो.

तपासणीविना गोळी मला मान्य नव्हती, आणि कारण मूत्रपिंडाचं होतं. थायरॉईड वाढलेला असतो तेव्हा मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे त्यांचं काम कागदावर चांगलं दिसतं. शिवाय स्नायू झडलेले असले की मूत्रपिंडाचं काम जोखायचं क्रिएटिनिन आपोआप कमी येतं. थायरॉईड उतरवला की झाकलेला मूत्रपिंडाचा आजार उघडा पडतो. तो आधी किती आहे याचा अंदाज नसताना गोळी देणं म्हणजे पाण्याची खोली न बघता उतरणं.

काय केलं

लघवी सुईने थेट मूत्राशयातून घेतली. पट्टीवर घनता मोजण्यात मांजरीच्या बाबतीत अर्थ नाही, ती रिफ्रॅक्टोमीटरवर बघावी लागते. आली १.०२२. निरोगी मांजरीची साधारण १.०३५ च्या वर असते, म्हणजे मूत्रपिंडावर शंका होतीच. साखर मात्र लघवीत अजिबात नव्हती. रक्तात साखर १७२ होती, पण घाबरलेल्या मांजरीत एवढी वाढतेच. लघवी कोरी असल्याने मधुमेह बाजूला ठेवता आला. क्रिएटिनिन १.३. एसजीपीटी पुन्हा वाढलेलंच.

थायरॉईडसाठी नमुना शहरातल्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवला. थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, हे थायरॉईडचं संप्रेरक माणसात आणि मांजरीत एकच रेणू आहे, त्यामुळे ते मोजायला ही सोय कामाला येते. थायरॉईडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचं तसं नाही. प्रत्येक प्राण्याचं टीएसएच वेगळं, माणसाच्या किटवर मांजरीचा आकडा विश्वासाचा येत नाही. 'थायरॉईड प्रोफाइल'च्या पॅकेजमध्ये ते आपसूक येतं, म्हणून ती ओळ मी वाचतच नाही.

रिपोर्ट थोरल्याच्या मोबाइलवर माझ्याआधी पोचला. टी-४ होतं ९.८. शेजारच्या रकान्यात छापलेली मर्यादा ४.५ ते १२.०. ना लाल अक्षर, ना बाण. कुटुंबाच्या ग्रुपवर 'सगळं नॉर्मल, देवाची कृपा' असा निरोप फिरला आणि टॉनिकवाल्या जावयांनी अंगठा दाखवला. छापलेली मर्यादा माणसाची होती. मांजरीत टी-४ साधारण १ ते ४ च्या दरम्यान असतं. काही लॅब वरची हद्द पावणेपाचपर्यंत धरतात. मनीचं त्याच्या दुप्पट होतं. यकृताचं कोडंही इथेच सुटलं, कारण वाढलेल्या थायरॉईडमध्ये एसजीपीटी बऱ्याचदा वाढतं. यकृत मूळ रोगी नव्हतंच.

म्हाताऱ्या मांजरींच्या ग्रंथींच्या आजारांत थायरॉईड वाढण्याचा हा आजार सर्वांत जास्त आढळणारा. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची क्वचितच. उपचार चार: किरणोत्सारी आयोडीन, शस्त्रक्रिया, आयोडीन मर्यादित ठेवलेला खास आहार, आणि रोजच्या गोळ्या. पहिला सर्वांत पक्का, पण तशी सोय आमच्या भागात नाही. शस्त्रक्रियेत गाठीला चिकटून असलेल्या छोट्या ग्रंथींना धक्का लागला तर कॅल्शियम एकदम कोसळतं, आणि २४० ठोक्यांच्या हृदयाला भूल देणं मला नको होतं. खास आहार चालतो, पण दुसरं काहीच तोंडात गेलं नाही तरच. ज्या घरात आजी येता-जाता दुधाची वाटी पुढे करतात तिथे तो चालला नसता. उरल्या गोळ्या.

मेथिमॅझोलची ५ मिलिग्रॅमची गोळी, तिचा पाव भाग, सकाळ-संध्याकाळ. हा डोस या मांजरीपुरता, तिच्या लघवीच्या आकड्यावर बेतलेला. दुसऱ्या मांजरीला तो लावू नये. मूत्रपिंडावर शंका होती म्हणून मुद्दाम खालून सुरुवात केली. गोळीचे चार तुकडे करायचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. ब्लेडने केलं तर चुरा होतो. थोरल्याने मेडिकलमधून गोळी कापायची डबी आणली. तुकडा साईत गुंडाळला की मनी न चावता गिळते, हा शोध आजींचा. या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून धाकटीने गोळीला हात लावायचा नाही आणि बाकीच्यांनीही हातमोजे घालायचे, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

तीन आठवड्यांनी टी-४ ५.६, वजन ३.२. औषधाचे दुष्परिणाम दिसले नाहीत: चेहरा खाजवणं नाही, रक्तातल्या पेशी ठीक. सकाळचा डोस अर्ध्या गोळीवर नेला.

मध्येच बंद पडलेली गोळी

पुढच्या तपासणीच्या आधीच थोरल्याचा फोन आला: मनी पुन्हा ओरडायला लागली. विचारता विचारता कळलं की दहा-बारा दिवस गोळी बंद आहे. बंद आजींनी केली होती. कारण काय, तर मनी वाटीत अन्न ठेवायला लागली. आधी चाटूनपुसून खाणारी मांजर निम्मं सोडून झोपायला जाते, म्हणजे औषध बाधलं, असा सरळ विचार.

भूक उतरणं हेच गुण आल्याचं लक्षण होतं. खाणं घटलं आणि वजन वाढलं, दोन्ही एकाच वेळी. हे थोरल्याला पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. पण वाटी भरणाऱ्या आजी होत्या, आणि त्यांच्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही. फोन आजींकडे द्यायला सांगितला. "आजी, वाटीकडे बघू नका, काट्याकडे बघा," एवढं म्हणालो. त्यांनी विचारलं, "कोणत्या काट्याकडं?" आणि तेव्हा लक्षात आलं की आडत दुकानाच्या या घरात दिवसाला कित्येक क्विंटल माल तोलला जातो, पण मनीला कुणी कधी तोललं नव्हतं.

त्याच दिवशी दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बंगल्यावर आला. भाजीच्या क्रेटमध्ये मनीला बसवायचं, क्रेटचं वजन आधीच शून्य करून ठेवायचं, आणि दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आजी तो स्वतः लिहितात. गोळी पुन्हा सुरू झाली.

परिणाम

गोळी नियमित झाल्यावर महिन्याने टी-४ २.३. वजन ३.५. ओकणं थांबलं, रात्रीचं ओरडणं गेलं, पाठीवरचे केस सुटे झाले. आणि अपेक्षेप्रमाणे क्रिएटिनिन १.३ वरून २.० वर गेलं, लघवीची घनता १.०१८. मूत्रपिंडाचा जुना आजार, दुसरी पायरी. तो गोळीने झाला नाही, गोळीने दिसू लागला.

इथे गोळी बंद करून थायरॉईड वाढता ठेवावा, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा छान दिसेल, असा मोह होतो. तो टाळायचा. वाढलेला थायरॉईड मूत्रपिंडाला आतून झिजवतच असतो. उलट टी-४ फार खाली गेलं तरी मूत्रपिंड बिघडतं. म्हणून डोस आहे तोच ठेवला. पाण्याची भांडी वाढवली, कारण परभणीचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि अशी मांजर तहानलेली राहून चालत नाही. सुक्या दाण्यांबरोबर ओलं खाद्य सुरू केलं, मूत्रपिंडाच्या आजारासाठीचं, फॉस्फरस कमी असलेलं. पाऊच आजी फोडत नाहीत. सून फोडते, मनीची वाटी वेगळी आणि ती मागच्या नळावर धुतली जाते. साईत गोळी मात्र आजीच देतात. धाकटीचं बाळंतपण सुखरूप झालं.

सहा महिन्यांनी मनी ३.७ किलो आहे. जुन्या ४.१ वर ती जाईल असं मला वाटत नाही, झडलेला स्नायू या वयात पूर्ण भरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जंताची दुसरी गोळी देण्याआधी विष्ठा तपासली असती तर तेवढे आठवडे वाचले असते. मराठवाड्यात हे अशक्य नाही. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाचं हे काम तालुक्यालाही होऊ शकतं.

एसजीपीटीच्या एकट्या आकड्यावर टॉनिक देण्याऐवजी तो का वाढला हा प्रश्न विचारायला हवा होता. बारा वर्षांची, खाणारी, वाळणारी मांजर आणि वाढलेलं एसजीपीटी, हे चारही समोर असताना टी-४ची तपासणी त्याच नमुन्यातून झाली असती.

माणसांच्या लॅबमध्ये नमुना देताना फॉर्मवर 'मांजर' असं ठळक लिहावं. त्याने छापील मर्यादा बदलणार नाही, पण रिपोर्ट वाचणारा थबकेल. तो रिपोर्ट घरच्यांच्या मोबाइलवर थेट न जाता डॉक्टरकडे यावा, हे आता मी लॅबला कळवून ठेवतो.

आणि रक्तदाब. थायरॉईड आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडलेल्या मांजरीत तो वाढून डोळ्याचा पडदा सुटतो, मांजर एका रात्रीत आंधळी होते. माणसाचा पट्टा मांजरीच्या पायाला बसत नाही, लहान पट्टा आणि रक्तप्रवाह ऐकवणारं डॉप्लर यंत्र लागतं. मनीचे डोळे मी ऑप्थॅल्मोस्कोपने पाहिले आहेत आणि पडदा जागेवर आहे, पण आकडा अजून घेतलेला नाही. पुढच्या तिमाही तपासणीला थोरला तिला घेऊन छत्रपती संभाजीनगरला जाणार आहे. तिथे रक्तदाब जास्त निघाला तर अॅम्लोडिपिन सुरू होईल, आणि ती गोळी साईत चालते का ते आजी बघतील.